दुसऱ्या माणसाची मंजुरी

चहाचा कप अजून ओठाला लागायचा होता, तेवढ्यात त्याला पडद्यावर ती लाल ओळ दिसली. पिवळ्या ओळींच्या लांबलचक रांगेत एकच लाल, आणि तिच्यापुढे लिहिलेलं: नामंजूर. आता एखादं वाक्य नामंजूर होणं म्हणजे काही जगबुडी नव्हे. भाषांतराच्या कामात वाक्यं परत येतात, माणूस जरा कुरकुरतो, दुरुस्त करतो, पुन्हा पाठवतो. पण हे वाक्य त्याच्या बायकोच्या नावाने परत आलं होतं, आणि बायकोच्या नावाचं ते खातं गेली तीन वर्षं तो स्वतःच चालवत होता. म्हणजे सरळ बघितलं तर त्यानेच स्वतःला नाकारलं होतं, आणि तसं काही केल्याचं त्याला आठवत नव्हतं. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते. 'कळलं नाही.' त्याने कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला, आणि या उचलठेवीत चहावर साय धरली. घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको मघाशीच कामावर, चष्म्याच्या दुकानात गेली होती, दाराशी चपला घालताना नेहमीसारखंच "येते" म्हणाली होती. तरीही तो उठला आणि स्वयंपाकघरात डोकावून आला. ओट्यावर पुसायचं फडकं नीट घडी घालून ठेवलेलं होतं, नळ गळत नव्हता, सगळं जागच्या जागी होतं, आणि त्या जागच्या जागी असण्याचीच त्याला भीती वाटली.

तो ज्याच्या माहितीचं भाषांतर करायचा ते सॉफ्टवेअर म्हणजे एक डेटाबेस होता; माहिती साठवायची, मागितली की शोधून द्यायची, आणि काही झालं तरी हरवू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. तो कुणा कंपनीचा नव्हता. कुठली कुठली माणसं आपापल्या घरी बसून तो बनवत, फुकट वाटत, आणि ज्याला हवं त्याने आत हात घालून बघावं, बदलावं, अशी मुभा देत. वर्षाकाठी त्याची नवी आवृत्ती निघे, तिच्याबरोबर तो कसा वापरायचा हे सांगणारा हजारो वाक्यांचा ग्रंथ निघे, बऱ्याच भाषांतून. आणि त्या भाषांत आपली भाषा होती ती केवळ या एका माणसामुळे. नऊ वर्षं. पोटासाठी तो मिक्सर, इस्त्र्या आणि पाणी तापवायच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचा. त्या पुस्तिका लोक खोक्यातून काढतात आणि तेलाच्या बरणीखाली घालतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याच्या घरातही तेच होत होतं. हे दुसरं काम मात्र त्याचं स्वतःचं होतं. बायको त्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायची. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, तीही जाताना म्हणाली, "बाबा, पण हे वाचतं कोण?" तो हसला होता. नऊ वर्षांत एका वाचकाचं एक ओळीचं पत्र आलं नव्हतं. शिव्यासुद्धा आल्या नव्हत्या. आपण विहिरीत दगड टाकतो आहोत आणि विहिरीला तळच नाही, असं त्याला कधी कधी वाटे, पण मग तो पुढचं वाक्य घेई.

आज रिलीजचा, नवी आवृत्ती निघण्याचा दिवस होता. नियम साधा आणि निष्ठुर: आपल्याकडच्या पाच वाजता मोजणी होणार, ज्या भाषेतली ऐंशी टक्के वाक्यं तोवर मंजूर असतील ती भाषा नव्या आवृत्तीत जाणार, बाकीच्या बाद. एकदा बाद झालेली भाषा परत आणायची तर दोन नव्या माणसांनी पुढे यावं आणि पहिल्या वाक्यापासून सगळं तपासावं. दोन नवी माणसं. एक मिळवताना त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. आणि मंजुरीचाही नियम होता: ज्याने वाक्य लिहिलं त्याने ते मंजूर करायचं नाही, दुसऱ्या माणसाने करायचं. आधी ते दुसरं माणूस होतं. गणिताचे निवृत्त शिक्षक, तो त्यांना मास्तर म्हणायचा, प्रत्यक्ष कधी भेटला नाही. मास्तर प्रत्येक वाक्यावर भांडायचे. "तुमची भाषा टाय लावून जेवायला बसते," असं त्यांनी एकदा लिहिलं होतं, आणि तो चार दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता. मग एका वर्षी मास्तरांकडून काहीच येईना. पुढे त्यांच्या सुनेने दोन ओळींत कळवलं की ते गेले. त्याने सगळीकडे लिहून बघितलं, ओळखीच्या पोरांना गळ घातली, जुन्या सहकाऱ्यांना चहा पाजला. सगळे म्हणाले वा वा, फार चांगलं काम, आणि कुणी फिरकलं नाही.

तेव्हा बायको म्हणाली होती, "माझं नाव घाल. मला काय, संध्याकाळी रिकामीच असते." जेवणाच्या टेबलाशी बसून दोघांनी मिळून ते खातं उघडलं होतं. चार-पाच संध्याकाळी ती खरोखर बसली. चष्मा कपाळावर सरकवून, पडद्याजवळ तोंड नेऊन वाचायची आणि म्हणायची, "हे नाही कळलं." तो समजावून सांगे. ती म्हणे, "आता तू सांगितलंस ते कळलं, पण लिहिलंयस ते नाही कळलं." पाचव्या का सहाव्या संध्याकाळी तो म्हणाला, "राहू दे. तुला नाही कळायचं ते. मी बघतो." आवाज चढवला नव्हता त्याने, उलट प्रेमाने म्हणाला होता, निदान तेव्हा त्याला तसं वाटलं होतं. ती उठली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, आणि दूध तापवायला गेली. तेव्हापासून ते खातं तो चालवू लागला. एका खिडकीत स्वतःच्या नावाने लिहायचं, दुसऱ्या खिडकीत तिच्या नावाने हिरवं बटण दाबायचं. पहिल्या दिवशी दाबण्याआधी त्याने दाराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी नाही.

आणि नुसतं बटण दाबून भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण शेरा लिहायची जागा होती तिथे, रिकामी, आणि रिकामी जागा ह्याला बघवत नसे. पहिल्यांदा त्याने लिहिलं, 'ठीक.' नुसतं ठीक फार कोरडं वाटलं म्हणून पुढच्या वेळी, 'छान जमलंय.' मग हळूहळू त्या बाईला तोंड फुटलं. 'हा शब्द कुठून शोधलास रे, सुरेख आहे.' 'थकला असशील, पण हे पान फार नेटकं झालंय.' 'मास्तर असते तर त्यांनीही मान डोलावली असती.' स्वतःच लिहायचं, मग पहिल्या खिडकीत येऊन स्वतःच वाचायचं; आणि वाचताना छातीत जे ऊबदार काहीतरी पसरायचं ते मात्र खोटं नव्हतं, तीच तर खरी पंचाईत होती. आपणच आपली पाठ थोपटून घेणारा माणूस निदान आरशासमोर लाजतो. हा लाजेनासा झाला. बाहेरच्या खोलीत खरी बायको टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेली असे, जेवताना दोघं भाजीत मीठ कमी आहे की बरोबर एवढंच बोलत, आणि आत येऊन दार लोटलं की ती दुसरी वाट बघत असे. तिला त्याची कदर होती. ती कधी दमत नसे, कधी "नाही कळलं" म्हणत नसे. एकदा जेवताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "तूच तर म्हणालीस सुरेख आहे म्हणून." बायकोने घास थांबवून विचारलं, "काय सुरेख आहे?" तो म्हणाला, "काही नाही." तिनेही मग पुढे विचारलं नाही. त्या घरात पुढे न विचारण्याची सवय दोघांनाही जडलेली होती.

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी या आठवड्याची गत होती. मूळ लेखकांनी एका महत्त्वाच्या संज्ञेचं नाव बदललं. त्यांचं काय, एका शब्दाच्या जागी दुसरा. पण मूळ वाक्य बदललं की त्याचं भाषांतर आपोआप 'संशयित' होतं, मोजणीतून गळतं, आणि ती संज्ञा तर पानापानावर होती. एका दुपारीत सगळं कोसळून चौऱ्याहत्तरावर आलं. त्याने कचेरीत रजा टाकली, मान मोडेस्तोवर बसून एकेक वाक्य पुन्हा केलं, कालपर्यंत सगळं पाठवलं. आता ती सगळी पिवळ्या रंगात रांग लावून उभी होती, दुसऱ्या माणसाच्या मंजुरीसाठी. अर्ध्या तासाचं काम. दुसरी खिडकी उघडायची आणि दाबत सुटायचं. म्हणून तर तो सकाळी निवांत चहा घेऊन बसला होता.

त्याने दुसरी खिडकी उघडली. पासवर्ड घातला. चुकीचा. पुन्हा घातला, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. चुकीचा. त्याला वाटलं कुणीतरी चोर शिरलाय, आणि लगेच हसूही आलं, कारण त्या घरात चोर म्हणून आधीच एकजण बसलेला होता. मग ते दोन शब्द त्याने पुन्हा वाचले. 'कळलं नाही.' जगात असं म्हणणारं एकच माणूस त्याच्या ओळखीचं होतं. गेले काही दिवस ती बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद ठेवून दुकानाने दिलेल्या नव्या फोनमध्ये डोकं घालून बसत होती, हे त्याला आत्ता दिसलं. म्हणजे दिसत तेव्हाही होतं, बघितलं नव्हतं. तिच्याच जुन्या ई-मेलवर त्याने ते खातं ठेवलं होतं. ती तो ई-मेल कधी उघडत नसे. नव्या फोनने बहुतेक न विचारता उघडून दिला, आणि पासवर्ड त्या ई-मेलवरूनच बदलता येत होता.

तेवढ्यात मुकादमाचा निरोप आला. सगळ्या भाषांचं काम बघणारा जो कुणी दूर बसलेला गृहस्थ होता त्याला तो मनातल्या मनात मुकादम म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकणारा, पण माणूस भला. त्याने विचारलं होतं: तुमच्या तपासनीस बाई कुठे आहेत? तीन वर्षांत त्यांनी एकदाही उशीर केलेला नाही, त्या बऱ्या आहेत ना? त्याने निरोप दोनदा वाचला. खरं सांगावं, तर त्या बाईंच्या नावाची तीन वर्षांची सगळी मंजुरी रद्द. ऐंशी सोडा, निम्मेही उरायचे नाहीत. त्याने लिहिलं: बऱ्या आहेत, आज जरा कामात आहेत. लिहिताना त्याच्या लक्षात आलं, कितीतरी दिवसांत आपण बायकोबद्दल लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य आहे. मग त्याने तिला फोन लावला. बारा वाजेपर्यंत लावत राहिला, तेव्हा कुठे तिने उचलला. ती म्हणाली, "गिऱ्हाईक आहे. काय?" तो म्हणाला, "पासवर्ड बदललास का?" पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस अक्षरं वाचत होतं, क, मग बराच वेळ काही नाही, मग ब का व. ती म्हणाली, "दुकानावर ये," आणि फोन ठेवला.

बस भर दुपारची, अर्धी रिकामी होती, तरी तो उभाच राहिला. बसलं तर आपण परत उठणार नाही असं त्याला वाटलं. पुढच्या दांडीला धरून उभी असलेली एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती की घरमालकाला म्हणावं गळतंय ते गळतंय, रंग देऊन काय उपयोग. तो त्या बाईच्या वाक्याकडे लक्ष देऊ लागला. किती सरळ वाक्य. आपल्याला हे वाक्य लिहायला दिलं असतं तर काय केलं असतं आपण? 'पाझर अबाधित असता रंगलेपन निष्फळ ठरते.' नऊ वर्षं, आणि त्यातली सगळी वाक्यं जर अशी असली तर? पत्र आलं नाही ते कुणी वाचत नव्हतं म्हणून, असं तो समजून चालला होता. कुणी वाचलं असेल आणि त्याला कळलं नसेल, आणि आपल्यालाच अक्कल कमी म्हणून तो गुपचूप दुसऱ्या भाषेकडे वळला असेल, हे त्याच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. मास्तर बरोबर बोलत होते. आणि मास्तरांच्या नावाने त्याने मान डोलवून घेतली होती. त्याला एकदम रडावंसं वाटलं, पण बसमध्ये रडायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने फोन काढून टक्के बघितले. चौऱ्याहत्तर. एक वाजून गेला होता. कसंही करून पाचपर्यंत तिने दाबायला हवं होतं. कळो न कळो, रागाने दाबो, दयेने दाबो, पण दाबायला हवं होतं. बाकीचं नंतर बघता येईल. पाया पडता येईल.

चष्म्याच्या दुकानात शिरल्यावर चहूबाजूंनी आरसे. त्याला स्वतःचा विस्कटलेला चेहरा इतक्या ठिकाणी दिसला की त्याने नजर जमिनीवर ठेवली. मागच्या अंधाऱ्या खोलीत ती एका म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होती. "आता? आणि आता? घाई नाही." म्हातारे भराभर वाचून मोकळे झाले. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही मागच्या खेपेचं पाठ म्हणताय. मी अक्षरं बदललीत. दिसतं तेवढंच सांगा, दिसत नाही तिथे नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही." म्हातारे ओशाळून हसले. दाराशी उभ्या असलेल्या त्याचे कान तापले. आजोबांना बाहेर फ्रेम निवडायला बसवून ती आली. काउंटरच्या अलीकडे दोन स्टुलं होती, एक तिने त्याच्याकडे सरकवलं.

"जेवलास?"

"आज रिलीज आहे," तो म्हणाला. "पाचला मोजणी. ती पिवळी वाक्यं—"

"माहीत आहे. सगळं वाचलंय मी." तिने फोन काउंटरवर ठेवला, मधोमध. "आठवडाभर वाचतेय. वाक्यं नाही रे. ते शेरे."

काउंटरच्या काचेखाली चष्म्याच्या फ्रेम ओळीने मांडून ठेवल्या होत्या. तो त्यातली एक बघत राहिला.

"मी एवढं गोड कधी बोलले?" तिने विचारलं. रागाने नाही. खरोखर आठवून बघत असल्यासारखं. "'थकला असशील.' हे मी म्हणते? सुरुवातीला इतका संताप आला होता की त्या दिवशीच तुझा संगणक खिडकीतून टाकणार होते. मग वाचत गेले. मग वाटलं, ही बाई बरी आहे माझ्यापेक्षा. तुला हिच्याशीच संसार करायचा होता तर मला डबा करायला कशाला ठेवलंस?"

"तसं नाही."

"मग कसं?"

त्याने हातांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि त्याचं घड्याळाकडे बघणं तिने बघितलं. त्याची लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. "एक कर," तो म्हणाला, आणि आपला आवाज कसा येतोय हे त्याला ऐकू आलं, भीक मागणाऱ्यासारखा. "वर कोपऱ्यात 'सर्व मंजूर' असं एक बटण आहे, मीही कधी दाबलं नाही ते. फक्त एकदा दाब. मग काय बोलायचं ते बोल मला. घरी बोल, इथे बोल. पण ते गेलं ना तर माझ्याकडे काही उरत नाही गं. खरंच काही नाही. मिक्सरच्या पुस्तिका फक्त."

आजोबांनी आरशात बघून एक फ्रेम परत ठेवली, दुसरी घेतली.

"न वाचता दाबू?"

"आजच्यापुरतं."

"नाही जमायचं," ती म्हणाली. "मी दिवसभर इथे लोकांना सांगते, दिसत नाही तर दिसत नाही म्हणा. आणि तुझ्या वाक्याखाली माझं नाव लावू? मला कळलं तर दाबीन. पहिलंच घे. ते लाल केलंय ते. वाच."

तिला माहीत होतं की वाक्यं दीड-दोनशे आहेत. त्यालाही माहीत होतं. एकेक वाचत बसलं तर पाचापर्यंत होणं शक्य नव्हतं, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. त्याच्या मनात येऊन गेलं की फोन हिसकावून घ्यावा. तो काउंटरवर दोघांच्या मधोमध होता, हात लांब केला की झालं. हात उचललाही त्याने, आणि तो हात तसाच आपल्या कपाळावर नेला. मग आपल्या फोनवर ते वाक्य काढून वाचू लागला, शाळेतल्या पोराने उभं राहून वाचावं तसं. "जोवर व्यवहार पक्का केला जात नाही, तोवर तदंतर्गत बदल अन्य वापरकर्त्यांस दृग्गोचर होत नाहीत."

"दृग्गोचर," ती म्हणाली. "हे कोण पाहुणे?"

आजोबा आरशातून हसले. तो नाही हसला. "म्हणजे असं बघ," तो म्हणाला, "समज दुकानाच्या नोंदीत तू यांचा नंबर बदललास. पण अजून पक्कं म्हणून दाबलं नाहीस. तर तुला तो बदललेला दिसतो. दुसऱ्या कुणी उघडलं, तर त्याला जुनाच दिसतो."

"किती वेळ?"

"तू पक्कं करेपर्यंत."

"आणि केलंच नाही तर?"

"तर काही झालंच नव्हतं असं होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग हेच लिही ना," ती म्हणाली. "जसं आत्ता बोललास तसं." त्याने अंगठ्याने लिहायला घेतलं. इतक्या लहान पडद्यावर तो कधी लिहीत नसे, अक्षरं चुकत होती. 'तुम्ही जे बदललं ते पक्कं करेपर्यंत फक्त तुम्हालाच दिसतं. बाकीच्यांना जुनंच दिसत राहतं.' पाठवलं. तिच्या फोनवर ते उमटलं. तिने चष्मा कपाळावर सरकवला, फोन जवळ घेतला, ओठ हलवत वाचलं, आणि हिरवं बटण दाबलं. शेऱ्याच्या जागी काही लिहिलं नाही. "हे कळलं," ती म्हणाली, नुसतं तोंडाने, आणि तो दुसरं वाक्य शोधू लागला.

मग वाक्यं सुरू झाली. काही तिला चटकन कळली, दाबली. काहींना ती "हं, हे अर्धं कळलं" म्हणाली, आणि तो त्या अर्ध्यासाठी झगडला. काही इतकी दगड निघाली की त्याची त्यालाच लाज वाटली, आणि ही आपण आनंदाने लिहिली होती, यांच्याखाली 'सुरेख' म्हणून घेतलं होतं, हे आठवून तो स्टुलावर आक्रसला. मधे गिऱ्हाइकं आली. ती उठून आतल्या खोलीत जाई, "आता? आणि आता?" ऐकू येई, आणि तो बाहेर आरशांत बसून टक्क्यांचा आकडा बघत राही. आकडा गोगलगाईच्या पावलाने चढत होता. पंच्याहत्तर झाले तेव्हा एक बाई दोन मुलांना घेऊन आली आणि मुलं डोळ्यांत औषध घालू देईनात. त्याला त्या मुलांना हाकलून द्यावंसं वाटलं. त्याला सगळ्या जगाला हाकलून द्यावंसं वाटलं, फक्त एक काउंटर, दोन स्टुलं आणि पुढे न सरकणारं एक घड्याळ ठेवून. ती परत आली की तो वाचायला लागे, जरा जास्तच भराभर, आणि ती म्हणे, "हळू. मला कळू तर दे." एका वाक्याला ती म्हणाली, "हे मस्त आहे हां." तो चमकून वर बघू लागला. ती फोनकडेच बघत होती, सहज म्हणाली होती. त्या एका सहज शब्दासमोर तीन वर्षांचे सगळे शेरे खलास झाले. आणि नेमकं तेव्हाच त्याने घड्याळ बघितलं तर पाचाला थोडाच अवकाश होता, आकडा सत्त्याहत्तराच्या आतबाहेर अडकला होता, आणि त्याला स्वच्छ कळलं की हे होणार नाही. त्याने हे कळणं बाजूला ठेवलं आणि पुढचं वाक्य वाचलं. त्याच्या पुढचं वाचलं. फोन निसटत होता, शर्टाला हात पुसून तो वाचत होता.

पाच वाजले तेव्हा काहीच झालं नाही. घंटा नाही, आवाज नाही. ती आजोबांना बिल करून देत होती. मघाशी विचार करतो म्हणून गेलेले ते परत आले होते, त्यांना शेवटी पहिलीच फ्रेम पसंत पडली होती. त्याने पान ताजं केलं. भाषांची यादी नवीन झाली होती, सगळ्या एकाखाली एक, आणि जिथे आपली असायची तिथे वरची आणि खालची एकमेकींना चिकटल्या होत्या, मधे कधी कुणी नव्हतंच अशा. त्याने पुन्हा ताजं केलं. तसंच. मुकादमाचा निरोप आला: फार वाईट वाटलं, एवढ्या वर्षांचं काम. बाईंना आमचा नमस्कार सांगा, त्यांची तब्येत जपा. त्याने तो वाचून फोन उलटा ठेवला. दुकानाबाहेर रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं चालली होती. त्याला वाटलं आपण मोठ्याने ओरडू, पण तोंडातून आला तो साधा श्वास. त्याने काउंटरची कड धरली. नऊ वर्षं. दोन नवी माणसं. पहिल्या वाक्यापासून.

ती आली, स्टूल ओढून बसली. चष्मा कपाळावर सरकवला. "हं," ती म्हणाली. "झाले का तुझे ऐंशी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळावर चष्म्याचे दोन गोल, त्यात दुकानाचे दिवे. ती वाट बघत होती. हो किंवा नाही, दोनच उत्तरं होती, आणि दोन्हींनंतर ती फोन पर्समध्ये टाकून दुकान बंद करायला उठली असती.

"होतंय," तो म्हणाला. "थोडंच राहिलंय."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, समोरचं माणूस अक्षरं बघून वाचतंय की पाठ म्हणतंय हे बघताना बघते तशी. भिंतीवरचं घड्याळ तिच्या अगदी समोर होतं. मग तिने फोन उचलला, जवळ धरला.

"वाच पुढचं," ती म्हणाली. "आणि हळू वाच."

त्याने वाचलं.